घरच्या साबणाला पावसात पाणी सुटतं, काय करावं?

मागीलदार
७ जुलै, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचं छोटं होमस्टे आहे, समुद्र चालत पाच मिनिटांवर. हिवाळ्यापासून पाहुण्यांच्या खोल्यांत विकतचा साबण बंद करून घरी केलेला ठेवते. तेल आमच्याच नारळांचं, घाण्यावरून काढून आणलेलं. मेपर्यंत सगळं छान चाललं होतं. मृग लागला आणि वड्यांचं रूपच पालटलं. फडताळातल्या न वापरलेल्या वड्यांवर सकाळी थेंब दिसतात, पुसले की तासाभरात परत हजर. न्हाणीघरातली वडी दोन दिवसांत खालून गिळगिळीत. आणि जूनमध्ये ओतलेला घाणा (एका वेळी केलेला सगळा साबण) तर अजून बोट लावलं की दबतोय.

कृती: खोबरेल ६०० ग्रॅम, सूर्यफूल तेल २००, एरंडेल २००, कॉस्टिक सोडा १५४, पाणी ३८० (त्यातलं १०० नारळाचा रस), दोन चमचे मध, चिमूटभर हळद. शोभेसाठी वरून जाड मिठाचे खडे.

पंख्याखाली रात्रभर ठेवून पाहिलं, उपयोग शून्य. नवरा म्हणतो फ्रिजमध्ये ठेव. गणपतीत सगळ्या खोल्या भरलेल्या असतात, त्याआधी काहीतरी मार्ग सांगा.

बाबल्या
७ जुलै, रात्री १०:४१

गे बाय, आषाढात साबण सुकवूचो? हय माझी चड्डी सुकणा नाय चार दिवस! पंख्याचो वारो म्हणजे पाण्यातसूनच इलेलो वारो. साबण ऱ्हवांदे, आधी पावसाक थांब म्हणान सांग.

अलिबागवाली
७ जुलै, रात्री ११:०५

बाबल्या 😂 पण पंख्याबद्दल बरोबर बोललात.

ताई, फ्रिजचा नाद नको. आत असेपर्यंत वडी ठणठणीत राहील, पण बाहेर काढल्यावर गार वडीवर हवेतलं पाणी जमणार आणि दुप्पट भिजणार. पुडीतल्या सिलिका जेलबद्दल, म्हणजे ओल शोषणाऱ्या दाण्यांबद्दल, कोणीतरी सविस्तर लिहा. मी डब्यात टाकते, पण दोन आठवड्यांत निकामी होतं.

रसायनी_काका
८ जुलै, सकाळी ६:५०

तुमच्या एका तक्रारीत तीन वेगळ्या तक्रारी आहेत. तिन्हींचं कारण वेगळं, त्यामुळे इलाजही एक नाही.

पहिली, थेंब. तेल आणि कॉस्टिकची क्रिया झाली की साबणाबरोबर ग्लिसरिन तयार होतं. किलोभर तेलामागे साधारण १०० ते १३० ग्रॅम, खोबरेलात वरच्या बाजूला. कारखान्यात मिठाचं पाणी घालून साबण वेगळा काढतात, ग्लिसरिन खालच्या पाण्यात जातं, मग साबण यंत्राने वाळवून दाबतात. घरच्या वडीत ते सगळं आतच राहतं. ग्लिसरिन हवेतलं पाणी ओढतं आणि रत्नागिरी-हर्णै पट्ट्यात जुलैत सकाळची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते. वर तुम्ही मध घातलाय, तोही पाणी ओढणारा. त्याच्या वर मिठाचे खडे! शुद्ध मीठसुद्धा आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळायला लागतं. मिठागरातल्या जाड मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, त्याला ३३ टक्केच पुरे होतात. तुमचे थेंब खड्यांच्या भोवती जास्त आहेत का, ते बघून सांगा.

दुसरी, न्हाणीघरातली गिळगिळीत वडी. खोबरेलाचा साबण हाताला दगडासारखा लागतो, पण तो पाण्यात चटकन विरघळतो. मचूळ पाण्यातही फेस देतो तो याच गुणामुळे, म्हणून बोटीवरचे खलाशी तोच वापरायचे. कडकपणा आणि टिकाऊपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. ओल्यात बसलेली खोबरेलाची वडी वितळणारच.

तिसरी, जूनचा दबणारा घाणा. इथे माझा संशय हवेपेक्षा कॉस्टिकवर आहे. कुठून आणता, कशात ठेवता? आणि २०० ग्रॅम एरंडेल कशाला? ५० पुरे. जास्त झालं की वडी चिकट होते.

मागीलदार
८ जुलै, दुपारी २:३०

काका, किती नीट उलगडून सांगितलंत! मिठाचं अगदी खरं. आत्ता भिंग घेऊन बसले होते. प्रत्येक खड्याच्या जागी आता खळगा आहे, खळग्यात पाणी, आणि तिथून एक ओघळ वडीच्या कडेवरून खाली आलाय. ज्या वड्यांवर मीठ नव्हतं त्यांच्यावर नुसतं बारीक दव आहे.

कॉस्टिक हार्डवेअरच्या दुकानातून आणते, किलोची प्लास्टिकची पिशवी. फोडली की तोंडाला रबर लावून पत्र्याच्या डब्यात. एप्रिलमध्ये फोडलेली होती.

एरंडेल फेसासाठी.

रसायनी_काका
८ जुलै, दुपारी ३:१०

मग सापडला चोर. कॉस्टिक उघडं राहिलं की ओलावा ओढतं आणि हवेतला कार्बन डाय ऑक्साइड घेऊन थोडं थोडं धुण्याचा सोडा होत जातं. धुण्याच्या सोड्याने तेलाचा साबण होत नाही. १५४ ग्रॅम तोललेत, त्यातलं खरं कॉस्टिक समजा ९० टक्केच उरलं असेल, तर साबण न होता ५ टक्के मोकळं राहायला हवं होतं ते तेल १४-१५ टक्क्यांवर जातं. तो घाणा दबणारच, आणि सूर्यफुलाचं मोकळं तेल असल्यामुळे पुढे खवटही होईल.

पडताळा सोपा आहे. पिशवीतले चार तुकडे डिजिटल काट्यावर प्लास्टिकच्या झाकणात ठेवा आणि नुसतं बघत राहा. पावसाळी दिवशी शेवटचा आकडा डोळ्यांदेखत चढतो, तुकडे चकाकायला लागतात, मग त्यांच्याभोवती ओल धरते. चांगल्या पिशवीतले तुकडे ओतताना खडखड आवाज करतात, खराब झालेले एकमेकांना चिकटून ढेपा होतात.

यापुढे लहान पॅक घ्यायचं, एका घाण्यात संपेल एवढं. उरलं तर फिरकीच्या झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत. पत्र्याचा डबा नको, ॲल्युमिनियमचं भांडं तर अजिबात नको, त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. नवख्यांसाठी पुन्हा सांगतो: पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. चष्मा, हातमोजे घालूनच.

तांबडीमाती
८ जुलै, रात्री ९:००

काकांचं रसायन बरोबर, पण मूळ मुद्दा राहिलाच. ताई, तुम्ही जूनमध्ये साबण ओतलात कशाला?

आम्ही दापोलीला दरवर्षी करतो. आगोटीच्या आधी पापड, कुरडया, आमसुलं, सुकी मासळी जशी भरून ठेवतो तसाच साबण. ओतायचा तो दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. मार्च-एप्रिल ओटीवर, बांबूच्या कामट्यांच्या मांडणीवर, वड्यांमध्ये बोटभर फट ठेवून, आठवड्याने उलटून. मे लागला की डबे बंद. मृगानंतर नवा साबण नाही म्हणजे नाही.

चार ते सहा आठवडे वाळवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते कोरड्या हवेचं गणित. आपल्याकडे मी आठवडे मोजत नाही, वजन मोजते. प्रत्येक घाण्यातली एक वडी काट्यावर ठेवायची आणि वजन कागदावर लिहून कागद तिच्याखालीच ठेवायचा. आधी भराभर उतरतं, मग हळूहळू, मग थांबतं. थांबलं की झाली तयार. तीच वडी जुलैत उघडी ठेवली तर वजन चढतं, १०० ग्रॅमला दोन-तीन ग्रॅम सहज. म्हणजे पावसात उघडी ठेवून आपण ती वाळवत नसतो, भिजवत असतो.

आणि सुक्या मासळीच्या शेजारी नका ठेवू. हसू नका, वास धरतो.

मुंबईकर_चाकरमानी
८ जुलै, रात्री ९:२५

उपप्रश्न. बायको साबणाचा तयार बेस आणून, वितळवून, रंग-वास घालून साच्यात ओतते. गणपतीला गावी वाटायला. त्यालाही हेच नियम?

अलिबागवाली
८ जुलै, रात्री ९:३२

त्याला तर सगळ्यात जास्त घाम येतो, त्यात ग्लिसरिन वरून घातलेलं असतं. पण तो वाळवायची गरजच नसते. साच्यातून काढल्या काढल्या, गार झाला की चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या फिल्ममध्ये घट्ट गुंडाळायचा. हवा लागली की संपलं. वाटताना सांगा, उघडल्यावर लगेच वापरायला काढा.

सुरंगी
९ जुलै, सकाळी ११:१५

वेंगुर्ल्याहून. काही वर्षं हेच काम करतेय म्हणून थोडं लांबण लावते.

कडकपणासाठी तुमच्या अंगणातलंच उत्तर आहे, कोकमाचं तेल. बियांचं, घट्ट, फिकट पिवळट, टाचांच्या भेगांना लावतो ते. आपल्याकडे उन्हाळ्यातही घट्ट राहतं, चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर, त्यामुळे वडी कडक तर होतेच, शिवाय हळू झिजते. खोबरेलात नेमकं तेच नसतं. किलोला माझं प्रमाण: खोबरेल ७००, कोकम २००, एरंडेल ५०, तांदळाच्या कोंड्याचं तेल ५०. दहा टक्के तेल मोकळं ठेवलं तर कॉस्टिक साधारण १५१ ग्रॅम, पाणी कॉस्टिकच्या दीडपट म्हणजे २२५-२३०. तुमचं पाणी जवळजवळ अडीचपट होतं, ते सगळं बाहेर जायला आपल्याकडे हवा कुठाय? माझे आकडे तसेच्या तसे उचलू नका, साबणाच्या कॅल्क्युलेटरमध्ये एकदा घालून बघा. तेल बदललं की आकडा बदलतो.

इतकं खोबरेल असलं की साच्यात फार गरम होतं आणि लवकर घट्ट होतं. दुसऱ्या दिवसावर कापायला ठेवलं तर सुरीखाली तुकडे पडतात. सकाळी ओतलं तर संध्याकाळी कापायचं.

मीठ वरून नको, पण कॉस्टिकच्या पाण्यात आधी विरघळवून किलोला दोन चमचे चालतं, साच्यातून लवकर सुटतं. तेही पावसाळ्याच्या साबणात मी टाळतेच. मध, रस, हळद पाहुण्यांना सांगायला छान वाटतं, पण दव आणि डाग दोन्ही वाढतात. नारळाचा रस घालायचाच तर हिवाळ्यातल्या घाण्यात.

सूर्यफूल बंद करा. दमट हवेत त्या तेलाचे नारंगी ठिपके येतात आणि खवट वास सुटतो. लोखंडी जाळीवर ठेवलेल्या वडीला तर ठिपके जाळीच्या रेघेतच उठतात. म्हणून बांबू.

काकांशी एका बाबतीत माझं जमत नाही. एरंडेल ५० सुद्धा नसलं तरी चालतं, खोबरेलाचा फेस मुळातच दांडगा. आपल्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ, फेसाची कमतरता कुणालाच नसते. उलट धुवून निघत नाही अशीच तक्रार येते.

खाडीकाठ
९ जुलै, दुपारी १:४०

न्हाणीघराचं मी सांगतो, राजापूरकडे आमचं घर.

करवंटी. पण कुठलीही नाही, डोळ्यांची बाजू. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो खिळ्याने आरपार करायचा, कडा घासून घ्यायच्या. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि म्हणतात पाणी साचतं. साचणारच, वडी बरोबर भोकावर जाऊन बसते. आत काथ्याचा सैल गुंडा घाला, वडी अधांतरी राहते. काथ्या आठवड्याने बदला, नाहीतर बुळबुळीत होतो. घोसाळ्याची वाळलेली जाळी असेल तर आणखी चांगलं.

जागा महत्त्वाची. बालदीच्या काठाशी नको, खिडकीत नको. समुद्राकडच्या खिडकीतून पावसाळी वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात, ते वडीवर बसले की पुन्हा तीच पाणी ओढायची कथा. चुंबकाचे साबणधारक आणले होते, समुद्राच्या हवेत गंज आला आणि तांबडा डाग साबणाला. नाद सोडा.

आणि दोन वड्या आलटून पालटून. एक आज, एक उद्या.

अलिबागवाली
९ जुलै, दुपारी २:०५

माझा सिलिका जेल कुणी घेईना 🙁

रसायनी_काका
९ जुलै, दुपारी ४:२०

घेतो. तुमचं जेल निकामी होत नाही, भरतं. कढईत मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. पुडी कागदी-प्लास्टिकची असेल तर दाणे काढून तापवा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते घरात नकोत, नारंगी रंगाचे घ्या. पण डबा रोज उघडत असाल तर कुठलंच जेल पुरणार नाही. मोठ्या डब्यात सगळा साबण ठेवण्यापेक्षा छोटे डबे करा, एका वेळी एकच उघडा.

सुरंगी, एरंडेलावर माघार. मऊ पाण्याचा विचार मी केला नव्हता, आमच्याकडे बोअरचं जड पाणी.

मागीलदार
१० जुलै, रात्री ८:४५

काट्यावर कॉस्टिक ठेवलं. काका, चहा होईपर्यंत तुकडे झाकणात तरंगायला लागले! ती पिशवी बाद.

आता प्रश्न दोन. जूनच्या घाण्याचं काय करू, किसून पुन्हा शिजवू का, सोबत नवं कॉस्टिक घालून? आणि हिवाळ्यातल्या ज्या वड्यांवर फक्त दव आहे त्या गणपतीपर्यंत कशा जपू?

रसायनी_काका
१० जुलै, रात्री ९:१५

दवाच्या वड्या चांगल्या आहेत, दव म्हणजे बिघाड नव्हे. मिठाचे खळगे सुरीने तासून टाका. मग एक बंद कपाट घ्या, खाली-वर दोन भोकं पाडा, तळाशी जुना पिवळा ४० वॅटचा बल्ब. एलईडी नको, तो पुरेसा तापत नाही. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल आणि आतली हवा ३५ अंशांपर्यंत गेली, तर त्याच हवेची आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास येते. पाणी तेवढंच, पण हवेची तहान वाढते. पंख्याने हे होत नाही. बल्बपासून वड्या आणि कागद हातभर लांब. आठवडाभर तिथे ठेवा, नंतर कपाटातून काढल्या काढल्या, गार झाल्या की बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. खोलीला एसी असेल तर ड्राय मोडवरही काम होतं.

जूनचा घाणा किसून शिजवता येईल. किती कॉस्टिक कमी पडलंय ते मात्र कळायला मार्ग नाही, अंदाजाने घालू नका.

सुरंगी
१० जुलै, रात्री ९:४०

शिजवूच नका ताई. किसून शिजवायला पुन्हा पाणी घालावं लागतं, आणि ते पाणी आता बाहेर जाणार नाही. तो घाणा किसा, कपड्यांना आणि भांड्यांना वापरा. मोकळं तेल जास्त आहे म्हणजे हातांना उलट बरं. पाहुण्यांना नको, खवटपणा कधी सुरू होईल सांगता येत नाही.

खोल्यांसाठी दुसरी गोष्ट. पाहुणा दोन रात्री राहतो, त्याला १०० ग्रॅमची वडी देताच कशाला? हिवाळ्यातल्या वड्या कापून २५-३० ग्रॅमचे तुकडे करा. तुकडा गिळगिळीत व्हायच्या आत संपतो, आणि पुढच्या पाहुण्याला कुणाचा वापरलेला साबण जात नाही. मी कापलेले तुकडे सुपारीच्या विरीत (झावळीच्या बुडाच्या पातळ आवरणात) गुंडाळून सुतळीने बांधते. विरी मात्र उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली हवी, ओल्या विरीला बुरशी येते.

एक सावधगिरी: स्वतःच्या खोल्यांपुरतं ठीक, पण उद्या पाहुणे विकत मागायला लागले तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. अन्न व औषध प्रशासनाकडे चौकशी करा.

तांबडीमाती
१० जुलै, रात्री ९:५८

तुकड्यांची कल्पना झकास, आमच्या डोक्यात कधी आली नाही. बल्बच्या कपाटाऐवजी चुलीवरच्या माळ्यावर कुणी ठेवून पाहिलंय का? आमची चूल पावसात दिवसभर पेटलेली असते.

खाडीकाठ
१० जुलै, रात्री १०:१०

ठेवून पाहिलंय. वाळतो मस्त. अंघोळीनंतर अंगाला धुराचा वास येतो.

बाबल्या
१० जुलै, रात्री १०:१२

मग त्येका 'गावठी चुलीचो साबण' म्हणान दुप्पट भावान इका! मुंबयचे पावणे खूश.

मागीलदार
११ जुलै, सकाळी ७:३०

बाबल्यादादा, परवाना तुम्ही काढून द्या 😄

नवऱ्याने जुन्या औषधांच्या कपाटाला भोकं पाडलीत, बल्ब माळ्यावर सापडला. वीज जाते तेव्हा दार बंदच ठेवते. जूनचा घाणा किसायला बसलेय. सुरंगीताई, कोकमाचं तेल आमच्या बाजारात आत्ता दिसत नाही. कुठे, कधी मिळेल?

सुरंगी
११ जुलै, सकाळी ८:०५

आत्ता जे मिळेल ते गेल्या सालचं आणि महाग. आमसुलं करणाऱ्या बायका मेमध्ये बिया वाळवून ठेवतात आणि सवडीने तेल काढतात, मुठीएवढ्या गोळ्यांत विकतात. तुमच्या गावात आमसुलं कोण घालतं ते आजच विचारा आणि दोन किलो सांगून ठेवा. घेताना गोळा फोडून वास बघा, आंबूस किंवा जळका आला तर तो भेगांना ठीक, साबणाला नको. दिवाळीनंतर पहिला घाणा घालाल तेव्हा वजनाचे कागद इथे टाका.